दोन बोरकर, एक दिघे आणि आमचा यूपीएस

यूपीएस ओरडायला लागला की कचेरीतले सगळे आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. २००६ सालची डोंबिवली. मुंबई शहरात वीज जात नव्हती आणि महावितरणच्या मुलखात ती रोज जात होती, तीही वेळापत्रक लावून. भारनियमनाच्या वेळा लोकांना लोकलच्या वेळांइतक्याच पाठ होत्या. आमची कचेरी पूर्वेला, एमआयडीसीच्या कडेला. धंदा ट्रान्सपोर्टचा. भिवंडीच्या गोदामांतून निघणाऱ्या मालाची बिल्टी आमच्या सर्व्हरवर बनायची. सर्व्हर बंद म्हणजे बिल्टी बंद, आणि बिल्टी बंद म्हणजे भरलेली गाडी गेटवर उभी.

जुना सर्व्हर यूपीएसवर चाळीसेक मिनिटं सहज काढायचा. तेवढ्यात निकडीच्या बिल्ट्या उरकून मशीन नीट बंद करता यायचं. मग आदल्या दिवाळीत शेठनी नवा सर्व्हर घेतला. दोन झिऑन प्रोसेसर, प्रत्येकी ३.६ गिगाहर्ट्झ. शेठनी पेढे वाटले होते, ट्रक घेतल्यावर वाटतात तसे. आणि पहिल्याच भारनियमनात यूपीएसने पंधरा मिनिटांच्या आत मान टाकली.

संशय अर्थातच बॅटऱ्यांवर गेला. बॅटरीवाला आला, त्याने तिन्ही बदलल्या, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणखी एका जाणकाराने यूपीएसच बदलायला सांगितलं. शेवटी शेठनी आमच्या इमारतीच्या वायरमन काकांना बोलावलं.

काकांनी क्लॅम्प मीटर आणला होता. खेकड्याच्या नांगीसारखा जबडा असलेलं यंत्र. वायरीभोवती अडकवलं की आतून वाहणारा प्रवाह सांगतं. मी उत्साहाने ते सर्व्हरच्या वायरीला लावलं, तर शून्य! काका हसले. "अरे, जाणारी नि येणारी दोन्ही एकत्र पकडल्यास, त्या एकमेकींना खाऊन टाकतात." त्यांनी एक जुनी एक्स्टेन्शन कॉर्ड घेतली, वीतभर वरचं आवरण सोललं, आतल्या तीन वायरी सुट्या केल्या आणि फक्त फेजभोवती जबडा बसवला. पावणेदोन अँपियर. म्हणजे चारशे वॅट. जुन्या मशीनच्या दुपटीहून जास्त.

इथवर काही आश्चर्य नव्हतं. शक्तिमान यंत्र जास्त खाणारच. आश्चर्य रात्री होतं. नऊनंतर, सगळे घरी गेल्यावर, एकही बिल्टी बनत नसताना आम्ही पुन्हा मोजलं. माझी अपेक्षा होती की काटा पार खाली येईल. तो सव्वा अँपियरवर थांबला. म्हणजे कसलंही काम नसताना हा गडी पूर्ण कामाच्या सत्तर टक्के वीज पीत बसला होता. शिवाय त्याने ओतलेली उष्णता बाहेर फेकायला खोलीत एसी चालू होता, तो वेगळाच. काका म्हणाले, "गिरणीचा पट्टा सुटलाय आणि मोटर फिरतेय, असं आहे हे."

मी बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून मागणीनुसार वेग कमी करण्याची एक सोय शोधून काढली. ती बंदच होती. चालू केली. रिकाम्या वेळी प्रोसेसर ३.६ वरून २.८ गिगाहर्ट्झवर उतरायला लागला. अँपियर मात्र जेमतेम हलले.

या कोड्याचं उत्तर ज्यांना आमच्या आधी सात वर्षं ठाऊक होतं, त्यांतल्या एकाचं आडनाव बोरकर.

शेखर बोरकर मुंबई विद्यापीठातून १९७९ साली भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले, अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकले आणि १९८१ मध्ये इंटेलमध्ये लागले. १९९९ च्या जुलै-ऑगस्टच्या 'आयट्रिपलई मायक्रो' या नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. विषय रुक्ष: चिपचे घटक लहान करत जाताना येणाऱ्या अडचणी. पण रुक्ष लेखात धोक्याची घंटा होती, आणि ती वाजवणारा माणूस वेग विकणाऱ्या कंपनीच्या आतला होता.

घंटा कशाची, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवलं, तर चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागे खर्च होणारी वीज तेवढीच राहते. म्हणजे ट्रान्झिस्टर लहान, जास्त, वेगवान, आणि उष्णतेचा दंड नाही. पुढची तीस वर्षं संगणकाचा सगळा उद्योग या सवलतीवर जगला. पाच व्होल्टवरून साडेतीनच्या आत, तिथून दीडच्या खाली. पण व्होल्टेज उतरवायचं तर ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला 'चालू' होतो तो उंबरठाही खाली आणावा लागतो. आणि उंबरठा जसजसा खाली येतो, तसतसा बंद ट्रान्झिस्टरमधूनही प्रवाह गळू लागतो. हळूहळू नाही, पटींनी. नळ बंद आहे, पण वॉशर झिजलाय. एका नळाचं काही वाटत नाही; चिपवर असे कोट्यवधी नळ असतात. आमचा रिकामा सर्व्हर रात्रभर जे पीत होता, त्यातला एक वाटा या गळतीचा होता.

दुसरी गोष्ट वेगाची. चिपमधला प्रत्येक घटक चालू-बंद होताना एक इवलासा विद्युतसाठा भरतो आणि रिकामा होतो. त्याची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि हे सेकंदाला किती वेळा घडतं त्या प्रमाणात. वेग वाढवायचा तर घटकांना जोरात ढकलावं लागतं, म्हणजे व्होल्टेजही चढवावं लागतं. वर्ग गुणिले वेग, म्हणजे ढोबळमानाने घन. वेग दुप्पट, वीज आठपट.

त्याच वर्षाच्या शेवटी इंटेलचेच फ्रेड पोलॅक यांनी एका परिषदेत आलेख दाखवला. दर चौरस सेंटिमीटरमागे वीज: चिपने स्वयंपाकाच्या विजेच्या शेगडीला मागे टाकलंच होतं. रेघ पुढे ओढली तर अणुभट्टी, मग रॉकेटचं नळकांडं, मग सूर्याचा पृष्ठभाग. फेब्रुवारी २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पॅट गेल्सिंगर यांनी इंटेलच्या वतीने हीच उपमा सगळ्या जगाच्या चिप-अभियंत्यांपुढे ठेवली. श्रोते हसले असतील. विक्री विभाग मात्र त्याच काळात पेन्टियम ४ ची जाहिरात गिगाहर्ट्झमध्ये करत होता, आणि आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर दुकानदार संगणक त्याच एका आकड्यावर विकत होते, ट्रान्झिस्टर रेडिओ 'किती बँडचा' म्हणून विकायचे तसे.

भिंत फेब्रुवारी २००४ मध्ये आली. 'प्रेस्कॉट' नावाचा नवा पेन्टियम ४, ९० नॅनोमीटरवर बनवलेला. घटक लहान, तेव्हा आधीच्याहून थंड असायला हवा. तो निघाला जास्त गरम: ३.४ गिगाहर्ट्झला आधीच्या चिपची मर्यादा ८९ वॅटची, याची १०३. डेनार्ड यांची सवलत संपली होती. मे महिन्यात इंटेलने पुढचा 'तेजस' आणि त्याचा सर्व्हरसाठीचा जोडीदार 'जेहॉक' दोन्ही प्रकल्प रद्द केले. (तेजस! नाव आपल्याकडचं वाटावं असं, आणि जळूनच गेला.) ऑक्टोबरात ४ गिगाहर्ट्झचा पेन्टियमही रद्द झाला, आणि ऑर्लँडोत हजारो श्रोत्यांसमोर इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी गमतीने का होईना, गुडघे टेकून माफी मागितली.

आमच्या शेठनी पेढे वाटले ते याच्यानंतर वर्षभराने. आमच्या खोलीतले दोन झिऑन या प्रेस्कॉटचेच सख्खे भाऊ होते.

आता गमतीचा भाग. उपाय काय, हे कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. नोव्हेंबर १९९४ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेतल्या मार्क वायझर आणि त्यांच्या तिघा सहकाऱ्यांनी एक निबंध वाचला. त्यांच्याकडे वेग बदलणारा प्रोसेसर नव्हताच. त्यांनी लोकांच्या संगणकांवर दिवसभरात काम कसं येतं त्याच्या नोंदी घेतल्या आणि हिशेब मांडला: काम झटक्यात संपवून हातावर हात धरून बसण्याऐवजी, ते वेळेत संपेल इतक्याच वेगाने केलं तर काय? व्होल्टेज किती खाली नेता येतं यावर अवलंबून, निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत वीज वाचत होती.

डोंबिवलीकराला हे निबंधाशिवाय कळावं. त्या दिवसांत डोंबिवलीहून सुटलेली फास्ट पारसिकच्या बोगद्यातून जीव खाऊन जायची आणि ठाण्याच्या अलीकडे खाडीपाशी सिग्नलला उभी राहायची. फलाट रिकामा व्हायच्या वेळेलाच पोचायचं आहे, तर मोटरमनने आधीपासून सावकाश घेतली असती तरी आत शिरायची वेळ तीच होती.

पण सर्व्हरवाल्यांनी ते मनावर घेतलं नाही. वीज वाचवणं हे लॅपटॉपवाल्यांचं दुखणं, बॅटरी त्यांची संपते, असा समज. म्हणूनच सुटका आली ती लॅपटॉपकडून. इंटेलच्या हैफातल्या चमूने २००३ मध्ये काढलेला पेन्टियम एम वेगाच्या आकड्यात मागे आणि दर फेरीत जास्त काम करणारा. त्याच्याच वंशातून २००६ ची 'कोअर' मालिका आणि नवे झिऑन जन्मले.

त्या काळात इंटेलच्या सादरीकरणांत तीन स्तंभांचं एक चित्र असायचं. मला विचाराल तर या सगळ्या कथेचा गाभा त्यात आहे. एका प्रोसेसरचा वेग वीस टक्के वाढवा: काम १.१३ पट होतं, वीज १.७३ पट लागते. वेग वीस टक्के उतरवा: काम ०.८७ राहतं, वीज मात्र ०.५१, निम्मीच! आता असे उतरवलेले दोन प्रोसेसर, म्हणजे दोन कोअर, एकाच चिपवर शेजारी बसवा. काम १.७३ पट, वीज १.०२. जो १.७३ आधी बिलात लागत होता, तो आता कामात मिळतो. घनाचं गणित उलटं फिरवलं की ते आपल्या बाजूने लढतं. अट एकच, काम दोघांत वाटता यायला हवं. एकट्या बिल्टीचे दोन तुकडे होत नाहीत, पण दहा टेबलांवरच्या दहा बिल्ट्या आपोआप वाटल्या जातात.

हा हिशेब टोकाला नेऊन बघायचं बोरकर आणि मंडळींनी ठरवलं. दोन नाही, ऐंशी कोअर. काही भाग ओरेगनमध्ये आखला गेला, काही बंगळुरूत. फेब्रुवारी २००७ मध्ये ही प्रायोगिक चिप जगासमोर आली. २७५ चौरस मिलिमीटर, नखापेक्षा थोडी मोठी. ३.१६ गिगाहर्ट्झ, ०.९५ व्होल्ट: सेकंदाला एक लाख कोटी गणितं, आणि वीज ६२ वॅट. घरातल्या पिवळ्या बल्बएवढी. दहा वर्षांपूर्वी हाच टप्पा पहिल्यांदा गाठणारा 'आस्की रेड' हा महासंगणक सुमारे दहा हजार पेन्टियम प्रो प्रोसेसरांचा होता आणि पाचशे किलोवॅटहून जास्त वीज घ्यायचा.

मग त्यांनी त्याच चिपचं व्होल्टेज चढवलं. १.२ व्होल्ट, ५.१ गिगाहर्ट्झ: काम १.६३ लाख कोटी, वीज १७५ वॅट. १.३५ व्होल्ट, ५.७ गिगाहर्ट्झ: काम १.८१ लाख कोटी, वीज २६५ वॅट. पावणेदोनपट कामासाठी सव्वाचारपट वीज. आठ वर्षांपूर्वी वाजवलेल्या घंटेचा हा पुरावा एकाच चिपवर, एकाच टेबलावर. या चिपमध्ये प्रत्येक कोअरचे छोटे छोटे भाग काम नसेल तेव्हा झोपवायची सोयही होती, म्हणजे झिजलेल्या वॉशरच्या नळाला मागून आणखी एक कॉक.

तिच्यावरचा सविस्तर निबंध जानेवारी २००८ मध्ये आला. लेखकांची लांबलचक यादी आहे. त्यात दिघे आहेत, आणि शेवटी एकापाठोपाठ एक दोन बोरकर: नितीन आणि शेखर. ठाण्यात कुठल्याही सोसायटीच्या नावांच्या पाटीवर सापडावीत अशी ही नावं. मी ती यादी बघितली तेव्हा उगाचच छाती फुगली, हे कबूल करतो.

तरी आमच्या कोड्याचा निम्मा भाग शिल्लक होता. रिकाम्या वेळचं काय? तो भाग गूगलमध्ये सुटला. लुईझ बारोसो आणि उर्स होल्झले यांनी पाच हजारांहून जास्त सर्व्हर सहा महिने न्याहाळले आणि डिसेंबर २००७ मध्ये लिहिलं की सर्व्हर पूर्ण रिकामा क्वचित असतो आणि पूर्ण कामात त्याहून क्वचित. बहुतेक वेळ तो दहा ते पन्नास टक्क्यांवर घुटमळतो. आणि नेमक्या याच पट्ट्यात तो सर्वात उधळ्या असतो, कारण चांगला सर्व्हरसुद्धा काही न करता पूर्ण विजेच्या निम्मी खातो. प्रोसेसर एकटा हळू करून भागत नाही. मेमरी, डिस्क, पंखे, वीजपुरवठ्याचा डबा, सगळे जागेच असतात. म्हणूनच माझी बायॉसमधली युक्ती फसली होती.

इथे वायझर यांच्या हिशेबालाही मुरड पडते. डब्यातला बाकीचा संसार एवढा खात असेल, तर काही वेळा काम झटपट उरकून अख्ख्या मशीनला गाढ झोपवणंच स्वस्त पडतं. पण गाढ झोपलेल्याला उठवायला वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना तो वेळ दिसतो. किती हळू, किती गाढ, हे प्रत्येक कामाला वेगळं. गूगलचा लेख आला त्याच महिन्यात सर्व्हरच्या विजेची पहिली सर्वमान्य चाचणी निघाली, ती पूर्ण भारापासून दहा-दहा टक्क्यांनी उतरत रिकाम्यापर्यंत मोजते. रिकामा सर्व्हर प्रथमच परीक्षेला बसला.

आमच्याकडे मात्र निकाल त्याआधीच लागला होता. २००७ च्या मार्चमध्ये मी शेठना नवा झिऑन घ्यायला लावला. एकच प्रोसेसर, त्यात दोन कोअर, २.१३ गिगाहर्ट्झ, मर्यादा ६५ वॅट. शेठनी कोटेशन चष्म्यातून दोनदा वाचलं.

"तीन पॉइंट सहाचे दोन देऊन दोन पॉइंट एकचा एक घ्यायचा? म्हणजे ट्रक विकून टेम्पो घे म्हणतोस!"

"शेठ, टेम्पो नाही. ॲव्हरेज चांगलं असलेला ट्रक आहे. महिनाअखेरची बिलं लावून बघा, उशीर झाला तर परत करू."

महिनाअखेरची बिलं आधीपेक्षा थोडी लवकरच निघाली. पण शेठना त्याचं कौतुक नव्हतं. त्यांना यूपीएस बघायचा होता. पुढच्या भारनियमनाला ते घड्याळ काढून हातात घेऊनच खोलीत उभे राहिले. वायरमन काका मीटर लावून बसले होते: पाऊण अँपियरच्या आत. पंधरा मिनिटं झाली, तीस झाली. चाळिसाव्या मिनिटाला शेठनी खुर्ची ओढली. यूपीएस बारीक आवाजात ओरडतच होता आणि बाहेर बिल्ट्या छापल्या जात होत्या.

आज ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोली, रबाळे, महापेत खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत, आत रांगांनी सर्व्हर. आमच्या डोंबिवलीत पलावालाही ॲमेझॉनच्या डेटा सेंटर कंपनीने २०२४ मध्ये अडतीस एकर जमीन घेतली. तिथे वॅटवॅटचा हिशेब ठेवणारी माणसं पगारी असतात. मी अजून छोट्या कचेऱ्यांचीच कामं करतो. मध्यंतरी वागळे इस्टेटमध्ये एका ठिकाणी सर्व्हरची खोली फार तापते म्हणून बोलावलं होतं. मशीन उत्तम, बत्तीस कोअरचं. काम किती, तर दहा टक्क्यांच्या आत. बायॉस उघडला. बसवणाऱ्याने विजेचा पर्याय सर्वोच्च कामगिरीवर ठेवला होता, म्हणजे झोप बंद, वेग कायम चढलेला. मालक बाजूला उभे होते.

"बदला, पण हळू तर होणार नाही ना?"

मी बॅगेतून काकांची सोललेली कॉर्ड काढली आणि म्हटलं, "आधी मोजू या."